स्वयंपाकघरातील पाखरे आणि धान्यातील जाळी: औषध न फवारता काय करावे?

अबोली (ठाणे)

नमस्कार. आषाढाच्या सुरुवातीपासून आमच्या स्वयंपाकघरात लहान पाखरे दिसू लागली आणि आता गौरी-गणपती तोंडावर आले तरी ती गेलेली नाहीत. संध्याकाळी दिवा लावला की चार-पाच तरी भिंतीवर बसलेली असतात. सकाळी ओट्यामागच्या भिंतीवरून तपकिरी डोक्याच्या, पांढुरक्या अळ्या छताकडे चढताना दिसतात. सर्वांत आधी रव्याच्या डब्यात जाळी सापडली. चमचा घातला तर रवा सुटा येईना. त्याच्या गुठळ्या दोऱ्यासारख्या तंतूंना लोंबकळत वर आल्या. तो रवा मी त्याच दिवशी टाकला, पाठोपाठ लापशीची भरड, नाचणीचे पीठ आणि अर्धा किलो शेंगदाणेही टाकले, फडताळे साबणाच्या पाण्याने पुसली आणि प्रत्येक डब्यात तमालपत्र व लवंगा घातल्या. पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झाले.

मध्यंतरी फवारणी करणाऱ्या एका कंपनीला बोलावले. त्यांच्या माणसाने ओट्याखाली आणि फडताळांत औषध मारले व तीन महिने काळजी नको असे सांगितले. माझ्या सासूबाईंना दमा आहे. त्या उग्र वासाने त्यांना दोन रात्री झोप लागली नाही. मुलगी आठ महिन्यांची आहे, रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. एवढे सोसूनही तीन आठवड्यांत पाखरे परत आली. त्यामुळे पुन्हा फवारणी करायची नाही, हे आम्ही नक्की ठरवले आहे.

घरात सध्या २० किलो कोलम तांदूळ, १० किलो ज्वारी आणि सगळ्या डाळी आहेत. हे सारे टाकून द्यावे लागेल का? शेजारच्या काकू तांदळाला बोरिक पावडर लावायला सांगतात. घरात लहान मूल असताना ते चालेल का? आणि डबे इतके स्वच्छ करूनही ही पाखरे येतात तरी कोठून? एक गोष्ट मात्र लक्षात आली आहे की, पोटमाळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात ती सर्वांत जास्त दिसतात.

कृष्णाकाठ (सातारा)

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय बाकी कशाचाही उपयोग होणार नाही. तुम्ही जे डबे साफ केलेत ते सगळे रोजच्या वापरातले आहेत. पाखरे मात्र अनेकदा अशा धान्यात वाढतात, ज्याला आपण धान्य समजतच नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच झाले होते. तीन महिने मी पिठाचे डबे पुसत होते. शेवटी देवघराखालचा खण उघडला, तेव्हा हळदी-कुंकवाला आणि लग्नकार्यांत मिळालेल्या ओटीच्या तांदळाच्या पुरचुंड्या त्यात सापडल्या. कोणत्या ओटीतले तांदूळ कधीचे, हे मलाही सांगता आले नसते. एका रुमालाची गाठ सोडली, तर आतले तांदूळ आणि खारीक एकमेकांना जाळ्याने चिकटले होते, खोबऱ्याच्या वाटीत बोट घालता येईल एवढा भुसा साचला होता आणि रुमालाच्या घडीत रिकामे कोष होते. त्या दिवसापासून ओटीचे तांदूळ घरी आणले की दुसऱ्याच दिवशी भातात घालण्याची सवय मी लावून घेतली आहे.

एक पूर्ण दिवस काढा आणि खाण्याजोगी प्रत्येक वस्तू बाहेर काढा. पूजेचे साहित्य, अक्षता, पक्ष्यांना घालायची बाजरी, कुत्रा-मांजर असेल तर त्यांचे खाणे, प्रवासातून आणलेला सुकामेवा, आक्रोडाचे अर्धवट पाकीट, न उघडलेली शेवयांची पिशवी, काहीही सोडू नका. पिशवी बंद आहे म्हणून ती सुरक्षित आहे असे धरू नका. फडताळातील फळ्या ज्या खुंट्यांवर टेकतात, त्यांची भोकेही टाचणीने कोरून पाहा. आमच्याकडे तेथे पीठ आणि कोष दोन्ही निघाले. गिरणीतून दळून आणलेल्या पिठाकडेही लक्ष द्या, कारण आपल्या आधीच्या दळणाचे थोडे पीठ आपल्या डब्यात येतेच.

पीठ, रवा, बेसन यांत जाळी असेल तर ते टाकून द्या. अखंड तांदूळ, ज्वारी आणि डाळी चाळून, निवडून, कडक उन्हात दोन दिवस वाळवल्या की वापरता येतात.

भरड (कोल्हापूर जिल्हा)

मी एका साखर कारखान्याच्या जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळेत २१ वर्षे काम केले. तुम्ही ज्या पाखरामुळे त्रासला आहात, बहुधा तेच आम्ही तेथे हजारोंनी मुद्दाम वाढवत होतो. उसाच्या खोडकिड्यासाठी शेतात सोडला जाणारा ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक दुसऱ्या किडीच्या अंड्यात आपले अंडे घालतो. त्याच्या वाढीसाठी लागणारी अंडी तांदळावरच्या पतंगापासून, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत कॉर्सिरापासून, मिळवावी लागतात. ही कीड कशाने जोमाने वाढते हे मी रोज पाहिले आहे, म्हणून तिचे काय तोडायचे हे सांगू शकतो.

आमच्या प्रत्येक पेटीत अडीच किलो भरडलेली ज्वारी, थोडे शेंगदाण्याचे कूट आणि किंचित यीस्ट असे. ज्वारी भरडूनच घ्यावी लागे, कारण नुकत्याच बाहेर आलेल्या अळीला अखंड, टणक दाणा सहजी फोडता येत नाही. तुमच्या घरात रवा, भरड आणि शेंगदाणे आधी लागले ते याच कारणाने. अखंड ज्वारी आणि निवडलेल्या तांदळाला धोका कमी असतो, पण तळाशी कणी आणि भुसा साचला की तोही वाढतो.

आता 'पंधरा दिवस बरे गेले' याविषयी. एका पेटीत सगळी अंडी आम्ही एकाच दिवशी टाकत असू. तापमान २८ ते ३० अंश असले की सुमारे ४० दिवसांनी पतंग निघायला लागत, पण ते सगळे एकदम निघत नसत; त्याच पेटीतून पुढे महिना-दीड महिना रोज थोडे थोडे निघत राहत. म्हणजे आज तुम्ही घर पूर्ण साफ केले, तरी भिंतीच्या फटीतले कोष आणि एखाद्या डब्यात राहिलेली अंडी यांतून पुढचे कित्येक आठवडे पाखरे येऊ शकतात. लोक याच टप्प्यावर धीर सोडतात आणि फवारणीकडे वळतात. फवारणीने भिंतीवरचे पाखरू मरते खरे, पण पाखरू काही खातच नाही. ते एक-दोन आठवडे जगते, आणि तुम्हाला दिसते तोवर मादीने बहुतेक अंडी घातलेलीही असतात. एक मादी शंभराहून अधिक अंडी घालते. अंडे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असते. ते पिठात असते, अळी जाळ्याच्या नळीत असते, आणि दोन्ही ठिकाणी औषध पोहोचत नाही. पोहोचले, तर ते अन्नातच पोहोचले असे समजा.

तमालपत्र आणि लवंगांविषयी अनेकांची श्रद्धा आहे. पण तमालपत्राच्या गुंडाळीतच कोष केलेला मी पाहिला आहे. वासाने अळी मरत नाही.

वरच्या ताईंचा बाकीचा सल्ला अगदी योग्य आहे, उन्हाविषयी मात्र थोडी दुरुस्ती करतो. उघड्या चादरीवर धान्य पसरले की अळ्या तापलेल्या दाण्यांतून निघून सावलीत, चादरीच्या कडेखाली जातात आणि संध्याकाळी आपण धान्य गोळा करतो तेव्हा पुष्कळदा बरोबर परत येतात. किडीची सर्व रूपे मारायची तर दाणा आतपर्यंत ५५ ते ६० अंश तापून तासभर तसाच राहिला पाहिजे. वैशाखात गच्चीवर काळ्या कापडावर पातळ थर पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरले तर ते साधते. ठाण्याच्या भाद्रपदातल्या उन्हात साधणार नाही. रवा मात्र कढईत चांगला कोरडा भाजून ठेवला की प्रश्न मिटतो. आपल्या घरांतली ती जुनी रीत अगदी बरोबर आहे.

तुमच्यासाठी थंडीच सोयीची आहे. घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंशांच्या आसपास तापमान असते आणि त्यात अंडी, अळ्या, कोष सगळे मरतात. एक-एक किलोच्या चपट्या पुड्या करा, कारण मोठ्या पिशवीचा गाभा गार व्हायला फार वेळ लागतो, आणि प्रत्येक पुडी आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पुडी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर धान्याला पाणी सुटेल. खालच्या साध्या कप्प्यातल्या थंडीने वाढ थांबते, कीड मरत नाही. पाळी येईपर्यंत धान्य थांबवून ठेवायला तो कप्पा वापरा.

भिंतीवर चढणारी अळी खाण्याच्या शोधात नसते. तिचे खाणे संपलेले असते आणि ती कोष करायला जागा शोधत असते. तिला तेथेच टिपा. कोष झाकणाच्या आट्यांत, दिनदर्शिकेमागे, घड्याळामागे, पडद्याच्या घडीत आणि लाकडाच्या सांध्यांत होतात. या जागा बारीक तोंडाच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या आणि आतला कचरा बांधून त्याच दिवशी घराबाहेर टाका. हे काम सासूबाईंना करू देऊ नका. पतंगाच्या पंखांवरचे खवले धुळीसारखे हवेत तरंगतात. आमच्याकडे पतंग गोळा करणाऱ्यांना तोंडाला फडके बांधावे लागे, तरीही काहींना धाप लागण्याचा त्रास झाला.

आणि पोटमाळा पाहा. तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा धागा मला तोच वाटतो.

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

येथे जर्मनीत हा त्रास इतका नेहमीचा आहे की दुकानांत यासाठी चिकट सापळे मिळतात. त्यांत मादीच्या गंधासारखा गंध लावलेला असतो आणि नर येऊन चिकटतात. त्याखेरीज ट्रायकोग्रामाची कार्डे, म्हणजे आत ट्रायकोग्रामा वाढत असलेली अंडी चिकटवलेले पुठ्ठे, टपालाने घरी येतात. ती फडताळात ठेवायची आणि दर दोन-तीन आठवड्यांनी बदलायची. माझ्याकडे एका हिवाळ्यात सापळे आणि कार्डे मिळून बराच फरक पडला. भारतात ऑनलाइन सापळे मिळतात असे बहिणीने सांगितले. ताईंनी ते लावून पाहावेत.

अबोली (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. काका, ट्रायकोग्रामाची कार्डे शेतकऱ्यांना मिळतात, तसेच एखादे आम्हाला घरी लावता येईल का? आणि सापळे मागवावेत का?

भरड (कोल्हापूर जिल्हा)

सापळे मागवण्यापूर्वी पाखरू नीट पाहा. पंखाचा पुढचा भाग मळकट पांढरा आणि मागचा मोठा भाग तांब्यासारखा लालसर, असा दुरंगी पंख असेल तर ते इंडियन मील मॉथ. युरोप-अमेरिकेतले सापळे मुख्यतः त्याच्यासाठी आणि त्याच्या जवळच्या भाईबंदांसाठी आहेत. त्याच्या नावातील इंडियनचा आपल्या देशाशी संबंध नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला 'इंडियन मील' म्हणत आणि न्यूयॉर्क राज्याचे कीटकशास्त्रज्ञ एसा फिच यांनी १८५६ मध्ये त्या पिठावरून हे नाव दिले. पंख सरसकट फिकट करडे-तपकिरी, कोणतीही ठळक खूण नसलेले, आणि बसताना अंगाभोवती छपरासारखे मिटलेले असतील तर तो आपला तांदळावरचा पतंग. त्याची गंधाची भाषाच वेगळी आहे. त्यात नर आपल्या पंखांतून गंध सोडतो आणि मादी त्याच्याकडे जाते, त्यामुळे त्या सापळ्यांकडे तो फिरकत नाही. सापळा रिकामा राहिला म्हणजे घर स्वच्छ झाले, असा समज होणे हे पैसे वाया जाण्यापेक्षा वाईट.

शेतातले ट्रायकोकार्ड घरात आणू नका. त्यावरची अंडी कॉर्सिराचीच असतात. ती कार्डावर चिकटवल्यानंतर अतिनील दिव्याखाली पाऊण तास ठेवून निर्जीव करतात आणि मगच ट्रायकोग्रामाला देतात. या कामात थोडी जरी कसूर झाली तरी तुम्ही नवी कीड स्वतःच्या हाताने फडताळात आणून ठेवाल. जर्मनीतली कार्डे घरातल्या वापरासाठी वेगळी तयार केलेली असतात.

अबोली (ठाणे)

आत्ताच भिंगाखाली पाहिले. पंख सरसकट फिकट करडे आहेत, तांबूस भाग कोठेही नाही. सापळे मागवत नाही.

पेव (सोलापूर)

डब्यांविषयी थोडे सांगतो. माझ्या आजोबांच्या गावी ज्वारी जमिनीखालच्या पेवात भरत. भरल्यावर तोंड मातीने लिंपून घेत. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू दाणे आणि किडे मिळून संपवत, आणि मग किडे जगत नसत. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कोणाला आत उतरू देत नसत, कारण माणूस गुदमरून जाण्याची भीती असे. घरात हेच तत्त्व लहान प्रमाणात वापरता येते. डबा काठोकाठ भरलेला आणि झाकण रबरी कड्याचे, घट्ट बसणारे असावे. नुसते वरून ठेवायचे स्टीलचे झाकण कितीही चकचकीत असले तरी त्याच्या कडेने केसाएवढी अळी आत जाते. पातळ प्लास्टिकची पिशवी तर मोठी अळी कुरतडूनही जाते. अर्धा रिकामा झालेला डबा लहान बरणीत रिकामा करा.

स्टेथोस्कोप (नाशिक)

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि बोरिक पावडरीच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहीत आहे. कृपया लावू नका. महाराष्ट्रातील असंख्य घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या लावली जाते, आणि सांगणाऱ्या काकूंचा हेतू चांगलाच आहे. परंतु बोरिक आम्ल पोटात गेल्यास विषारी आहे, लहान मुलांना त्याची बाधा कमी मात्रेतही होते, आणि आपल्याकडे अन्न टिकवण्यासाठी परवानगी असलेल्या पदार्थांत ते नाही. तांदूळ धुताना ते निघून जाते या भरवशावर आठ महिन्यांच्या मुलीची पेज करू नये. पाऱ्याच्या गोळ्यांचेही तेच. नॅप्थॅलीनच्या गोळ्या धान्याच्या फडताळात ठेवू नयेत. त्यांची वाफ अन्नात मुरते आणि काही बालकांच्या तांबड्या रक्तपेशी तिने फुटतात.

सर्वांत कळकळीची विनंती धान्याच्या कोठारात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांविषयी आहे. ओळखीच्या दुकानातून कोणी एक-दोन गोळ्या आणून दिल्या तरी त्या घरात आणू नका. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, तो बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो, आणि त्याच्यावर उतारा नाही.

बाकी, जाळी लागलेल्या धान्याने कोणता साथीचा रोग पसरत नाही. चाळून, निवडून, गोठवून, धुतलेला अखंड तांदूळ मोठ्यांनी खायला हरकत नाही. मुलीचे नाचणीसत्त्व मात्र नवे करा, आणि दर वेळी आठवड्यापुरतेच.

अबोली (ठाणे)

सात आठवड्यांनी लिहीत आहे. उशीर मुद्दाम केला, कारण काकांनी सांगितलेला ४० दिवसांचा काळ उलटल्याशिवाय काही सांगण्यात अर्थ नव्हता.

ओटीचे तांदूळ देवघरात निघाले, पण ते स्वच्छ होते. मग पोटमाळा रिकामा केला. तेथे, जुन्या सुटकेसच्या मागे, माझ्या लग्नातल्या रुखवताचे खोके होते. त्यात माझ्या आईने पुठ्ठ्यावर तांदूळ, मूग, मसूर आणि तीळ चिकटवून केलेली सप्तपदीची सात पावले आहेत. खोके उघडले आणि आतून आठ-दहा पाखरे एकदम उडाली. पाचव्या पावलावरचे तीळ पूर्ण पोखरले होते, तांदळाच्या कडेला पांढरे जाळे पसरले होते, आणि खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याच्या प्रत्येक नळीत एकेक कोष उभा होता. चार वर्षे ते खोके आमच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर होते आणि मी खाली तमालपत्रे बदलत होते.

त्या दिवशी खोके मोठ्या पिशवीत बांधून बाहेर टाकले. माळा, फळ्यांची भोके आणि घड्याळामागची जागा व्हॅक्यूमने साफ केली, घड्याळामागे तीन कोष निघाले. तांदूळ आणि ज्वारी एकेक किलोच्या पुड्या करून पाळीपाळीने गोठवत आहे. फ्रीझर लहान असल्याने अजून सहा किलो ज्वारी बाकी आहे. पहिल्या दोन आठवड्यांत रोज दोन-तीन पाखरे दिसली आणि मी अगदी खचले होते. भरडकाकांचे उत्तर पुन्हा वाचले नसते तर बहुधा फवारणीवाल्यांना फोन केला असता. चौथ्या आठवड्यात मिळून चार दिसली, सहाव्यात एक, आणि या आठवड्यात आजवर एकही नाही. चकलीची भाजणी यंदा घरच्याच मिक्सरवर, दोन वेळांपुरतीच दळली आहे.

सप्तपदीची पावले टाकवली नाहीत. पोखरलेले दाणे ब्रशने झाडून, सातही पावले प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवली होती. पाचव्या पावलाचे तीळ आई दिवाळीला येईल तेव्हा पुन्हा लावून देणार आहे. काका, नवे तीळ चिकटवण्यापूर्वी कोरडे भाजून घेतले तर पुरेसे होईल ना, की पाऊल पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा गोठवावे?

भरड (कोल्हापूर जिल्हा)

तीळ भाजून घ्या, आणि डिंक पूर्ण वाळल्यावर पाऊल पुन्हा आठवडाभर गोठवा, कारण चिकटवण्यासाठी खळ वापरली असेल तर तीही पिठाचीच असते. त्यानंतर सातही पावले काचेच्या चौकटीत, मागची बाजू चिकटपट्टीने बंद करून, भिंतीवर लावा. जानेवारी संपेपर्यंत महिन्यातून एकदा माळ्याचा कोपरा विजेरी लावून पाहत जा.